सावली आखूड असताना

बॅकरॅटच्या टेबलावर राजाराणीला किंमत शून्य,
नऊला सगळी.
नऊ उलटलं की गिऱ्हाईक खुर्चीवरून उठतं,
शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारतं,
माझ्याकडे एक चिप सरकवतं.
हे मी म्हापशाच्या डॉक्टर कुलासोबाईंना सांगितलं,
कारण रिपोर्टवर त्यांनी निळ्या पेनानं
ज्याला गोल केला होता, तोही नऊच.
त्या हसल्या नाहीत.
"तीस तरी हवं होतं," म्हणाल्या,
"राहतेस कुठे गं तू? गोव्यातच ना?"

राहते मांडवीवर.
रात्री नऊची फीडर बोट, पहाटे सहाला परत,
मध्ये एक लाल गालिचा, ज्यावर उजाडत नाही.
घड्याळ नाही. खिडकी नाही.
झुंबरात तीनशे बारा दिवे,
मी मोजलेत एकदा, एका हरणाऱ्या माणसाचं
मन तयार होईपर्यंत.
त्यातला एकही हाडांपर्यंत पोचत नाही.
मग पेडण्याची बस, पडदे, झोप.
उठते तेव्हा ऊन आमचं अंगण सोडून
रोझारिओच्या कौलांवर गेलेलं असतं.

आधी मांड्या. वाटलं, उंच टाचांमुळे असेल.
मग बरगड्या.
मग चिप्सची चळत उचलताना मनगट,
आणि सुपरवायझरचं हळूच विचारणं,
"हेमांगी, हात का कापतो?"

कुलासोबाईंनी लिहून दिलं:
साठ हजारांची पुडी, आठवड्याला एक, दुधातून.
आणि त्याच अक्षरात, औषधाच्याच ओळीत, ऊन.
"कोवळं नको, त्यात फारसं काही नसतं.
तुझी सावली तुझ्याहून आखूड झाली की बस.
हात उघडे, पाय उघडे.
मूळचा रंग सावळा तुझा, जरा जास्त वेळ दे.
भाजून घेऊ नकोस मात्र."

आईला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती.
घासतच राहिली, एकच टोप, बराच वेळ.

आगरवाड्याच्या मिठागरात मी लहानपणी
नुसती बांधावर दिसले तरी
ती हातातली फळी टाकून ओरडायची,
"सावळेंत यो गो! काळी जातलीस!"
काळी झालीस तर मिठातच राहशील,
असं म्हणायचं असायचं तिला.
शाळेला छत्री. मे महिना मामाकडे डिचोलीला.
साय, डाळीचं पीठ, कोपरापर्यंत मोजे.
कसिनोच्या मुलाखतीत साहेब म्हणाला,
"स्किन छान ठेवलीये."
त्या संध्याकाळी आईनं सातेरीपुढे नारळ ठेवला.

इकडे मोरजीच्या वाळूवर
लांबून आलेली माणसं तेल लावून
तव्यावरच्या बांगड्यासारखी कूस बदलतात.
बसमधून बघून आम्ही बायका हसायचो.
मी सगळ्यात जास्त.

सुट्टीचा मंगळवार, मार्च, साडेदहा.
आईच्या मागून बांधावर गेले.
सावली मोजली: कमरेपर्यंत भरली. चालेल.
बाह्या दुमडल्या, सलवार गुडघ्यापर्यंत,
आणि बसले, परीक्षेला बसल्यासारखी.
वाफ्यातल्या पाण्यावर मिठाचा पापुद्रा धरत होता,
कडेनं आधी, चोरट्यासारखा.
माझे पाय इतके पांढुरके
की चिखलातला बगळा थबकून बघून गेला.

आई येऊन शेजारी उभी राहिली,
सवयीनं, उन्हाच्या बाजूला.
तिची पूर्ण सावली माझ्यावर.
गार वाटलं. मी काही बोलले नाही.
तिच्या टाचांच्या भेगांत मीठ होतं, मानेवर मीठ,
तीस वर्षं ती या उन्हात आहे
आणि तिचं रक्त कधी कुणी तपासलेलं नाही.

मग तिनं खाली बघितलं.
माझ्या हातांवर पडलेला स्वतःचा आकार बघितला.
फळी उचलली,
दोन पावलं बाजूला सरकली,
पुन्हा एक.

ऊन आलं अंगावर, झणझणीत.

थोड्या वेळानं पाठमोरीच म्हणाली,
"तकली तरी धांप,"
आणि कमरेचा टॉवेल
न बघता माझ्याकडे फेकला.