पेवातलं झाड

हरिपुरात पेव उघडलं
की आधी कंदील सोडायचा.
विझला तर खाली हवा नाही,
माणूस उतरत नाही.

बाबालाल मुजावरचा कंदील
त्या दिवशी विझला नाही,
ज्योत मोठी झाली.

खाली हळद नव्हती.
झाड होतं, उलटं;
मुळं वर, आमच्या रस्त्याच्या पोटात,
फांद्या खोल, जिथं दोर पुरत नाही.
पानं श्वास घेत होती.
त्यानं मोजायला घेतली, मग सोडून दिली.

वर येऊन अडत्याला म्हणाला,
"किडलंय सगळं. बुजवा."

तेव्हापासून त्याचे तळवे पिवळे.
साबण, राख, रॉकेल, कशानं जाईनात.

गावात कुणाला धाप लागली
की अजून त्यालाच बोलावतात.
तो छातीवर हात ठेवतो,
आणि रस्त्याखाली कुठंतरी
एक पान गळतं.