मीटर

पारोळ्याच्या सुपडू बडगुजरने घेतली जुनी व्हॅन,
मीटरवर अडतीस हजार.
विकणारा म्हणाला, डॉक्टरची गाडी,
घर ते दवाखाना, बस.

लळिंगच्या घाटात, शाळेची अकरा पोरं आत,
इंजिनाने आपलं खरं वय सांगितलं.

आता धुळ्याला, ग्राहक आयोगाच्या बाकावर,
मांडीवर कापडी पिशवी.
वकील नाही; लागतोच असं नाही म्हणे.

समोरचा काळा कोट वाचतो :
'जशी आहे तशी घेतली. खाली सही.'

सुपडू उठतो. पिशवीतून काढतो
क्लचच्या पेडलचं रबर,
टाचेएवढा खड्डा पडलेलं.
"दखा सायेब,
मीटर खोटं बोलस,
हाई नही बोलत."

निकाल नाही लागला. पुढली तारीख मिळाली.
पण रबर
त्यांनी ठेवून घेतलं.