चतुर्थी

सांगलीत गणपती पेठेत, हळदीच्या अडत दुकानावर
लाकडी जिना चढून गेलं की आमचा वर्ग.
वह्या घरी नेल्या तरी पिवळ्या वासाच्या.
मगदूम सर बारा वर्षं श्टुटगार्टला लेथवर होते,
व्याकरणही तसंच शिकवतात: थोडं थोडं, मापात, कीस झटकत.

पहिल्या दिवशी तीन शब्द. डेअर, डी, दास.
म्हणाले, घाबरायचं काम नाही,
तो-ती-ते तुम्हाला आईच्या दुधातून आलंय.
आम्ही खूश.
मग सूर्य निघाला ती.
चंद्र राहिला तो, दार होतं ते, झालं ती,
चमचा कसाबसा वाचला.
मुलगी मात्र ते! मागून तौफिक सतारमेकर म्हणाला,
‘आमच्यात पण म्हणतात की. पोरगं.’
त्याला ब्रेमेनच्या एका गिऱ्हाइकाची लांबलचक पत्रं येतात,
दोन सतारी नेल्यात त्यानं.
माणूस शिव्या देतोय की कौतुक करतोय,
एवढंच तौफिकला कळून घ्यायचंय.

मी सुवार्ता लोंढे, मिरजेत रात्रपाळीची सिस्टर.
मी पाठ करते सलाइनच्या थेंबांवर.
रक्त ते, दास ब्लूट.
हृदय ते. औषध ते.
सुई ती, डी नाडेल.
मृत्यू तो, डेअर टोट.
वॉर्डातल्या बऱ्याच गोष्टींवर दोन्ही भाषांचं एकमत आहे,
ताप तेवढा भांडतो.

आठव्या आठवड्यात सर म्हणाले, ‘आज चतुर्थी.’
बारदान ठेवायला आलेला हमाल दारातच थबकला,
‘संकष्टी परवाच झाली की वो.’
स ला ते, स ला ना ते,
शाळेत बाकावर डोलत म्हणायचो.
कशासाठी, ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.
फळ्यावर आलं: मिअर इस्ट काल्ट.
मिअर म्हणजे मला. मी नव्हे, मला.
‘इश’ म्हणालात तर लोक भलताच अर्थ काढतील.
थंडी मला असते.

त्या रात्री अकरा नंबरचे आजोबा, जतचे,
ऑपरेशनच्या गुंगीतून म्हणाले, ‘सिस्टर, मला हिव वाजतंय.’
दुसरं ब्लँकेट घालता घालता माझा हात थांबला.
आजोबा या वाक्यात काहीच करत नव्हते.
हिव कुठून तरी आलं होतं
आणि त्यांच्या ‘ला’पाशी उभं होतं.
मला दुखतं, मला भूक लागते, मला आठवण येते.
सत्तावीस वर्षं मी बोलतेय
आणि जे जे सोसायचं ते चतुर्थीत.
भूक तिकडे लोकांजवळ असते, पिशवीत असावी तशी.
इश हाबं हुंगर.
पण थंडी त्यांनाही आपल्यासारखीच येते, न विचारता.
एवढ्यावर जाता येईल, असं वाटलं.
मग त्यांचं बीपी घेतलं. एकशे दहा, सत्तर.

परवाचा धडा फुटक्या क्रियापदांचा.
आनरूफन, म्हणजे फोन करणे.
वाक्यात घेतलं की दोन तुकडे पडतात:
रूफं पुढे, आन पार शेवटाला.
‘मधे काय घालायचं ते घाला,’ सर म्हणाले.
मराठीत क्रियापद शेवटी अख्खं येऊन बसतं,
इतकी मोकळी जागा मी वाक्यात कधी पाहिली नव्हती.
मी घालत गेले:
आईला, रोज, ड्यूटी संपली की,
तिकडचे चार म्हणजे तिचे साडेआठ,
ती जेवून आडवी होण्याच्या आत,
रेंज नसली तर शेजारच्या चौगुले वहिनींच्या फोनवर.
ओळ संपली, समास संपला,
मी वही पुढे सरकवली.

सरांनी लाल पेन उघडलं, बराच वेळ वाचत राहिले.
‘सगळं आलं,’ म्हणाले, ‘आन राहिलं.
ते नसलं की फोन होत नाही, लोंढे.
नुसत्या हाका मारते, असा अर्थ होतो.’