बदाम

कुह्मोत दुपारचे तीन, अंधार पडूनही तास झालेला.
बाबा खीर ढवळतात, तांदळाची.
फिनलंडात नाताळला हीच असते,
आणि अख्ख्या पातेल्यात एकच बदाम.
ज्याच्या वाटीत निघेल त्याचं वर्षभरात लग्न,
अशी जुनी थट्टा.
दोन नाताळ ती कुणी केली नाही.

त्या मार्चमध्ये तळ्यावरचं बर्फ
उर्होच्या स्कूटरखाली उघडलं
आणि सावकाश, पुन्हा मिटलं.
तेव्हापासून मी चर्चमध्ये उभी राहते, गात नाही.
पुस्तक उघडं धरते, नेमक्या पानावर.
देवाला कळावं, मी आले आहे. एवढंच.

खीर शिजेपर्यंत दफनभूमीत गेले.
सगळं गाव तिथे, दगडादगडापाशी मेणबत्ती.
कमरेएवढ्या हिमातून वाट काढायला
मी फावडं नेलं होतं.
वाट होती.
थेट उर्होपर्यंत, आणि पुढ्यात
एका माणसाला गुडघे टेकता येतील एवढी जागा.

एल्यास फाटकाशी वाळू टाकत होता.
चर्चचा राखणदार; शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे.
"मागच्या वर्षीही तूच?"
"आधी फक्त आईपर्यंत काढायचो," तो म्हणाला,
"मग फावडं थांबेना."

ते वाक्य मी घरी आणलं.
त्यालाही आणलं.

टेबलावर तीन वाट्या. तिसरी कड उडालेली,
उर्होची. बाबा अजून मांडतात.
चौथी काढायला उठले, तर त्यांनी हातानेच बस म्हटलं
आणि तिसरी एल्याससमोर सरकवली.
मग प्रार्थना, रोजचीच,
फक्त 'पाहुणा' या शब्दाशी बाबा थोडे अडखळले.

चार घास झाले, आणि एल्यास चावायचा थांबला.
कान लाल.
बदाम हळूच चमच्यावर घेऊन म्हणाला,
"हा उर्होचा आहे."

बाबा बराच वेळ चमच्याकडे बघत राहिले.
"उर्हो तिकडे जेवतो," म्हणाले.
"तिकडे काही कमी नाही.
खा तू. निवतंय."

सहाची घंटा वाजवायला तो गेला.
मी भांडी घासता घासता खिडकी उघडली,
बाहेर उणे अठरा,
बाबा काही बोलले नाहीत.
घंटा आली, तळ्यावरून, तिलाही तीच वाट.
साबणाच्या हातांनी मी एक ओळ म्हटली.
गायले म्हणवत नाही, सूर कधीच गेलाय.
पण पुढची ओळ आठवली,
म्हणून तीही.