चौथी सही

दोंडाईच्याला, मिरचीच्या पथारीमागे,
गोण्यांच्या थप्पीवर उभा राहून
चेत्या मोबाइलच्या ठेक्यावर बोलतो.
नाव लावतो आज्याचं : एमसी धुडकू.

शिव्या आहेत. मोजून लिहिल्या आम्ही तक्रारीत, अकरा.
माझी सही चौथी, निळ्या शाईत,
खाली ‘सेवानिवृत्त शिक्षक, मराठी’.
गणपतीत हे नको, म्हणालो. ही कसली कला?

मग एका रात्री पानटपरीवर कुणी तेच लावलं
आणि दोन शिव्यांच्या मधलं ऐकू आलं :

मनी माय देठ खुडस, उसंत नही,
मना गालले तिना हात कधी लागना नही.

सुपारी तोंडात तशीच राहिली.

‘मना’ लिहिलं की खोडून
‘माझा’ लिही, शंभर वेळा, म्हणायचो मी.
यानेही लिहिलं असणार. वही तपासलीही असेल मी.

आणि माझ्या लग्नात मांडवात बायकांनी
विहिणीला गायलेल्या त्या गाळी!
आई सगळ्यांत पुढे, पदर खोचून,
यमकावर यमक, विहिणीची सात कुळं धुतली.
विहीण हसली. ठाण्यात कुणी गेलं नाही.

सही मागे घ्यायला गेलो तर हवालदार म्हणाला,
कागद वर गेला, सर.

येताना पथारीवर ठसका लागला.
चेत्याने ठेका थांबवला, पाणी दिलं.
“सर, अकराच मोज्यात? बारावी जमत नही शे.
जुनी एखादी सांगा ना.”

इकडेतिकडे पाहिलं.
आईची एक आठवत होती.