गुरुवार, टाकळी हाजी

गुरुवारी भोसरीत लाईट नसते.
लेथवर फडकं, चक रिकामा,
म्हणून निघालो दोघं,
मी आणि हनीफ अत्तार, मिलिंगवरचा,
उजव्या हाताला अंगठा धरून साडेतीन बोटं.

चाकण, शिक्रापूर, शिरूर.
पुढे ज्वारीची धसकटं, बाभळी, एक बंद गुऱ्हाळ,
आणि एकाएकी
नदी नाही, नदीची जागा.

कुकडी चैत्रात अशी असते:
हंडा कलंडून कुणी निघून जावं,
फरशीच्या फटीत ओल तेवढी राहावी.
खाली खोल चिरेत पाणी, शेवाळी, गप्प.
बाकी सगळा दगड.
त्यावर ऊन असं पडलेलं
की सावलीलाही चटके बसावेत.

देवळापाशी नारळवालीनं विचारलं, नवस का?
हनीफ म्हणाला, नाही मावशी, दगड बघायला.
ती हसली. तरी सांगितलं,
सात बाजांचं सुंभ जोडून सोडलं होतं म्हणे कुणी,
तळ लागला नाही.

वाट अशी नाहीच.
एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पाय टाकायचा,
मध्ये खाली बघायचं नाही, बघितलंच तर थांबायचं.
माझ्या पायात कंपनीचे सेफ्टी बूट,
टोकाला पोलाद.
अकरापर्यंत पोलाद तापलं, अंगठे शिजले.
हनीफ अनवाणी, चपला कमरेला खोचून,
घोरपडीसारखा.

मग रांजण.
एकाला चिकटून एक, दगडातच पुरलेले,
काही फुटून एकमेकांत शिरलेले.
काठावरून बोट फिरवलं,
कुठेही बर नाही.
असं फिनिशिंग आमच्या इन्स्पेक्शनवाल्यानं
डोळे मिटून पास केलं असतं.
खिशात व्हर्नियर होता, सवयीनं. सहा इंची.
रांजणापुढे दातकोरणं.

एका कोरड्यात मी उतरलो.
तळाशी वाळू, एक मेलेला खेकडा,
आणि गोटे, पाच-सहा, लिंबाएवढे, नारळाएवढे.
वरून हनीफ: टूल सापडलं का?

सापडलं.
पाणी ह्याला फिरवतं, हा रांजणाला घासतो,
रांजण ह्याला.
जॉब कुठला आणि टूल कुठलं,
ड्रॉइंगशिवाय सांगता येणार नाही.
सव्वीस वर्षं मी लोखंड गोल करतोय.
माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय,
शिंप्याला आधी कळलं, मला नंतर.

"कागद मिळाला काल," हनीफ वरून म्हणाला.
रांजणात आवाज सरळ येत नाही,
भिंतीभिंतीनं फिरत येतो.
"कसला?"
"मिलिंग बंद. मेअखेर. नवीन मशीन येतंय, एक पोरगा बसणार त्यावर."

वर बघितलं. उन्हात त्याचं तोंड दिसेना,
नुसता काळा गोल, त्याभोवती आभाळाची कडी.
एवढ्यासाठीच थांबला होता तो,
मी तळाला पोचेपर्यंत.

काय बोलावं.
माझ्या हातात एक गोटा होता,
घरी न्यायचा म्हणून उचललेला,
पोरीच्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून.
ठेवला परत.
टूल मशीनमधून काढायचं नसतं,
नदीचाही आज गुरुवारच आहे.

त्यानं हात खाली सोडला.
साडेतीन बोटांची पकड,
अख्ख्या पाचांपेक्षा घट्ट,
उरलेल्यांना जास्त काम असतं म्हणून असेल.
बाहेर आलो. दोघांनी बाटलीतलं गरम पाणी प्यायलं.
वर एक घार, पंख न हलवता.

येताना गाडी त्यानं घेतली.
चाकणच्या चौकात ट्रेलरांची रांग, धूळ, हॉर्न.
म्हटलं, खोलवाल्याची मापं राहिलीच.
पुढच्या गुरुवारी सुंभ आणू, आठ बाजांचं.

तो काही बोलला नाही.
सिग्नल सुटला,
ब्रेक मात्र त्यानं जरा उशिरा सोडला.