वड्याचं तेल

बॉयलर एकोणनव्वदचा. मीही इथे एकोणनव्वदचाच.
दोघंही खोकल्याशिवाय सुरू होत नाही.
कर्वेनगरच्या या वसतिगृहात एकशे बारा मुली,
मजल्याला सहा न्हाणीघरं,
मागच्या अंगणात टाकीभर डिझेल,
जे मी पस्तीस वर्षं बोटांच्या पेरांतून घरी नेलं.
दारात बायको आधी साबण पुढे करायची,
मग पाण्याचा तांब्या.

डिझेल बंद, असं परांजपेबाईंनी ठरवलं.
एका बैठकीत. मला न विचारता.
मग भवानी पेठेतून रझाक मणेर आला, स्कूटरवर,
दोन पायांमध्ये नव्या बर्नरचं खोकं.
म्हणाला, मामा, रबराचे पाइप सगळे बदलायचे,
हे तेल जुनं रबर खातं.
कसलं तेल?
तळणाचं. वडे, भजी, फरसाण,
कढईत काळं पडलं की हॉटेलवाले डब्यात भरून देतात.
चाकणकडे कुठेतरी ते गाळतात, त्यात काय काय घालतात,
खाली ग्लिसरीन बसतं, वर हे उरतं.
त्यानं बाटली उजेडाकडे धरली. पातळ मध.
मी हुंगलं. विशेष काही नाही,
थोडासा लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा मांडव.

चार दिवस बरे गेले.
चिमणीतून काळं यायचं ते करडं झालं,
मग नुसती हवा हलल्यासारखी.
शेजारच्या गच्चीवर आपटेसर
वाळलेला सदरा उलटापालटा करून बघत होते,
तक्रार काही सापडेना.

पाचव्या पहाटे, नऊ अंशांत,
ज्योत दोनदा खाकरली आणि गेली.
दुसऱ्या मजल्यावरून नंदुरबारची कीर्ती वळवी,
डोक्यावर फेस, आठला प्रॅक्टिकल: मामा, पाणीऽ!
मग अख्खा मजला. मग वरचा.
परांजपेबाई शाल गुंडाळत खाली आल्या,
"तरी मी म्हणत होते."
भज्यांवर कुठे बॉयलर चालतो होय, कुणीतरी म्हणालं.
खोटं कशाला बोलू,
मीच म्हणालो, आणि सगळ्यांत मोठ्यानं.

साडेसहाला रझाकनं फिल्टर उघडला.
आत चिखल. काकवीसारखा दाट, काळाकुट्ट.
हे नव्या तेलाचं नाही, मामा, टाकीच्या तळाचं आहे.
नवं तेल जातं तिथलं जुनं खरवडून आणतं.
तुमच्या डिझेलनं इतकी वर्षं बसवलं,
यानं चार दिवसांत सोडवलं.
तो हे सहज म्हणाला, पान्हा पुसत.
मी रोज काठी बुडवायचो त्या टाकीत,
तेल किती आहे ते वहीत लिहायचो.
तळाला काय आहे, ते लिहायला
वहीत रकाना नव्हता.

टाकी उपसायला दोन दिवस लागले.
सोळा बादल्या. मी मोजल्या.
फळ्यावर बाईंनी खडूनं लिहिलं:
"दोन दिवस पाणी गार. तेल नवे आहे, कारण जुने.
कृपया खिलारेमामांना विचारू नये."
तरी कीर्ती विचारायला आलीच,
आणि जाताना एक बादली उचलून
फाटकापर्यंत नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे पेटला. एका काडीत.
खोकला नाही. मला उगाच एकटं वाटलं.

रात्री घरी गेलो. बायकोनं साबण पुढे केला,
मग थांबली,
माझा हात नाकाशी नेला,
पुन्हा एकदा नेला,
आणि म्हणाली:
बाहेर खाऊन आलात?